चौदा लाख कुणाच्या नावावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात व्हीएमसी सेटर (संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र कामासाठी लावून देणारा) असलेल्या २९ वर्षांच्या वाचकानं लिहिलं आहे. शिक्षण आयटीआय मशिनिस्ट, नंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मेकॅनिकल डिप्लोमा. अनुभव सात वर्षांचा: पहिली तीन वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर, पुढची चार कंपनीच्या पटावर. हातात २८ हजार पडतात. शहरातल्या एका कन्सल्टन्सीनं जर्मनीच्या 'ब्लू कार्ड वर्क व्हिसा'ची गॅरंटी दिली आहे. एकूण १४ लाख. त्यातले ३ लाख आत्ता, उरलेले व्हिसा लागल्यावर. जर्मन भाषेची गरज नाही, असंही सांगितलं आहे. वडील निफाडकडची दोन एकर द्राक्षबाग गहाण ठेवायला तयार आहेत. लग्नाला दीड वर्ष झालं आहे. वाचक विचारतात: "पैसे भरू, की ऑपॉर्च्युनिटी कार्डावर जाऊन तिथंच नोकरी शोधू? डिप्लोमा असताना आयटीआयचे कागद लावायची गरज आहे का? तिशीनंतर दार बंद होतं म्हणतात, ते खरं का?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'खर्च' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि पाचही वेळा त्याचा अर्थ कन्सल्टन्सीनं सांगितलेली रक्कम एवढाच आहे. म्हणून आधी दर सांगतो. जर्मनीच्या नोकरीच्या राष्ट्रीय व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. हिशेबाच्या सोयीसाठी मी युरो १०० रुपयांना धरतो, प्रत्यक्षात त्याहून काही रुपये जास्तच लागतात. म्हणजे साडेसात-आठ हजार रुपये आणि वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. बाकीचे जवळजवळ चौदा लाख कशाचे, हे त्या माणसाला कागदावर लिहून द्यायला सांगा.

दुसरी गोष्ट 'ब्लू कार्ड'ची. ते पदवीधरांसाठी असतं. आयटीतल्या अनुभवी लोकांना त्यात एक सवलत आहे, ती तुम्हाला लागू नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा तिथं विद्यापीठाची पदवी धरला जात नाही. शिवाय २०२६ साठी ब्लू कार्डाला वर्षाला ५०,७०० युरो ढोबळ, म्हणजे कर आणि हप्ते कापण्याआधीचा, पगार लागतो, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांत ४५,९३४ युरो. तुमचे कागद पाहूनही कुणी 'ब्लू कार्ड करून देतो' म्हणत असेल, तर त्याला एक तर नियम माहीत नाहीत किंवा ते तुम्हाला माहीत नाहीत हे त्याला माहीत आहे.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या कायद्याची. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, पावती देऊन घेऊ शकतो. एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, तेही तिथं दिसतं. 'आम्ही एजंट नाही, कन्सल्टंट आहोत' हे उत्तर तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. मग नोकरी मिळवून देण्याचं आश्वासन कशाच्या बळावर, असं विचारा. कन्सल्टंट अर्ज भरून देऊ शकतो, भाषांतराची सोय करू शकतो, त्याचे पैसेही घेऊ शकतो. व्हिसा देण्या-न देण्याचा अधिकार मात्र वाणिज्य दूतावासाचा, त्याची गॅरंटी विकता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नामागच्या एका समजुतीकडे येऊ. डिप्लोमा मोठा, आयटीआय लहान. म्हणून आयटीआयचं प्रमाणपत्र मागे ठेवलं तरी चालेल, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडे कंपनीत बढतीच्या वेळी तसंच असतं. जर्मनीच्या रचनेत तुमचा व्यवसाय 'त्सेर्श्पानुंग्समेखानिकर' म्हणजे यंत्रावर धातू कापणारा कारागीर हा आहे. त्याचं तिथलं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, थोडं शाळेत आणि बरंचसं कारखान्यात. त्याच्याशी जुळवून पाहायला सगळ्यात जवळचा कागद म्हणजे तुमचं दोन वर्षांचं एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद) मशिनिस्टचं प्रमाणपत्र. डिप्लोमा त्याला जोड देतो. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची एक खास अडचण आहे: डिप्लोमा तीन वर्षांचा आणि गुणपत्रिका दोनच वर्षांच्या. जर्मनीतला तपासनीस पहिलं वर्ष कुठं गेलं म्हणून विचारतो. त्याचं उत्तर तुमच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रात आहे. दोन्ही लावा आणि थेट प्रवेशाबद्दल संस्थेचं एका परिच्छेदाचं पत्र सोबत जोडा.

तुमच्यासारख्या माणसाला तीन वाटा आहेत.

पहिली अनुभवाची. सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव असेल, तर जर्मनीत पात्रतेची तुलना (इथलं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी ताडून पाहणं) न करताही व्हिसा मिळतो. कायद्यानं भाषेची अट नाही. एजंट 'जर्मन लागत नाही' म्हणतात ते इथूनच उचललेलं. ते पुढचं वाक्य सांगत नाहीत: २०२६ साठी पगार वर्षाला किमान ४५,६३० युरो हवा, मालक सामूहिक वेतन कराराला बांधलेला असेल तरच यात सूट. सेटरला एवढा पगार अशक्य नाही. पण फोरमनचं बोलणं न कळणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढा पगार देणारा कारखाना शोधून दाखवा.

दुसरी वाट मान्यतेची, आणि तुमच्यासाठी मला हीच बरी वाटते. कारखान्यातल्या व्यवसायांची तुलना न्युर्नबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय करतं. फी कागदांच्या गुंतागुंतीनुसार १०० ते ६०० युरो. कागद पूर्ण असतील तर निर्णयाला साधारण तीन महिने. आयटीआयवाल्यांना बहुतेक वेळा 'अंशतः समतुल्य' असा निकाल येतो आणि लोक त्याला नापास समजून खचतात. तो नापासचा निकाल नाही. कोणते विषय कमी पडले आणि ते कसे भरून काढायचे, याची त्यात यादी असते. तुलनेच्या वेळी अनुभवही मोजला जातो, म्हणून अनुभवपत्रात तपशील हवा. पूर्ण मान्यता मिळाली तर किमान पगाराचा तो आकडाही आडवा येत नाही. तिथल्या कामगाराला मिळतो तेवढा पगार तुम्हाला मिळतोय, एवढंच पाहतात. आणि मार्च २०२४ पासून 'मान्यता भागीदारी' नावाची सोय आहे: नोकरीचा करार आणि ए-टू पातळीचं जर्मन (पातळ्या चढत्या क्रमानं ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा) हातात असेल, तर आधी जायचं, काम सुरू करायचं आणि उरलेली मान्यता तिथं मिळवायची. परवाना सुरुवातीला एक वर्षाचा असतो, तीन वर्षांपर्यंत वाढतो. त्या प्रक्रियेत साथ देण्याचं मालकाला कबूल करावं लागतं.

तिसरी वाट ऑपॉर्च्युनिटी कार्डाची, जून २०२४ पासूनची. नोकरी न मिळवता जायचं, एक वर्ष शोधायचं, तोवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. मूळ अट म्हणजे सरकारमान्य दोन वर्षांचं प्रशिक्षण, शिवाय जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू. त्यावर सहा गुण. तुमचे गुण मोजू. वय ३५ च्या आत: २. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव: ३. जर्मन ए-टू: १. झाले बरोबर सहा.

पण ही बेरीज ठेकेदाराच्या तीन वर्षांवर उभी आहे. ती कागदावर सिद्ध झाली नाहीत, तर तुमच्याकडे चारच वर्षं उरतात. मग पाचात दोन वर्षांच्या अनुभवाचे २ गुण मिळतात, बेरीज पाचावर अडकते आणि सहावा गुण मिळवायला जर्मन बी-वनपर्यंत न्यावं लागतं. म्हणून पहिलं काम ठेकेदाराला गाठायचं. बहुतेक ठेकेदार छापील पत्र देतात: अमुक इसम आमच्याकडे 'हेल्पर' म्हणून होता, वर्तणूक चांगली. असलं पत्र लावण्यापेक्षा न लावलेलं बरं; तुम्ही मशिनवर होतात हेच त्यातून खोटं ठरतं. पत्रात तारखा, पूर्णवेळ काम, मशिनचा प्रकार, कंट्रोल आणि तुम्ही प्रत्यक्ष काय करत होतात ते हवं: टूल ऑफसेट, पहिल्या जॉबची तपासणी, प्रोग्राममधल्या दुरुस्त्या. ज्या कारखान्यात काम केलंत, तिथल्या सुपरवायझरकडून कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी मिळाल्या तर फारच उत्तम. जोडीला पीएफचं पासबुक. त्यात ठेकेदाराच्या आस्थापनेचं नाव आणि महिने येतात. ते कुणाला बनवून देता येत नाही, म्हणून त्याला वजन आहे. (ठेकेदारानं पीएफ भरलाच नसेल तर ते दुखणं वेगळं, तसं असेल तर बँकेत जमा झालेल्या पगाराचे उतारे काढा.)

ऑपॉर्च्युनिटी कार्डाला पैसेही दाखवावे लागतात: २०२५ च्या दरानं महिना १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. म्हणजे तेरा लाखांच्या वर. आकडा ओळखीचा वाटला ना? कन्सल्टन्सीच्या चौदा लाखांच्या जवळच आहे, आणि 'चौदा लाखांत ब्लॉक्ड अकाउंट (हे पैसे ठेवायचं बंदिस्त खातं) आलं' असं तुम्हाला सांगितलं जाण्याची शक्यता मोठी आहे. फरक असा की ब्लॉक्ड अकाउंट तुमच्या नावावर असतं. जर्मनीत पोचल्यावर दरमहा ठरलेली रक्कम तुमच्याच हातात येते, व्हिसा नाकारला गेला तर खातं बंद करून पैसे परत मिळतात. एजंटाच्या खात्यावर गेलेल्या पैशाला यातलं काहीच लागू नाही.

तरीही हा मार्ग तुम्ही आत्ता घ्यावा असं मला वाटत नाही. या कार्डावर पत्नीला सोबत नेता येत नाही. वर्षभरात नोकरी जमली नाही, तर बागेवर बोजा आणि बँकेत शून्य अशा अवस्थेत परत यावं लागेल. ज्याच्याकडे घरचे, बिनकर्जाचे तेरा लाख आहेत आणि बी-वन झालेलं आहे, त्यानं खुशाल जावं. द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून जाऊ नये. एक अवकाळी पाऊस ऐन मालात झाला तर काय होतं, हे निफाडच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

मग दुसऱ्या वाटेचा खर्च काय? फोसाची फी वरच्या टोकाची धरून ६० हजार. शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरं, कागद किती त्यावर अवलंबून. ३० हजार बाजूला ठेवा. जर्मनचा वर्ग आणि परीक्षा, ८० हजार. व्हिसा आणि केंद्राचं शुल्क १० हजार. विमा आणि विमानाचं तिकीट ६० हजार. झाले दोन लाख ४० हजार, तेही वर्ष-सव्वा वर्षात थोडे थोडे जाणारे. यातल्या भाषांतर, वर्ग आणि प्रवासाच्या रकमा अंदाजाच्या आहेत, तुमच्या चौकशीनं त्या खालीवर होतील. तिथं उतरल्यावर घरमालकाला अनामत द्यावी लागते, ती कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त नसते. ६०० युरो भाडं धरलं तर १,८०० अनामत, ६०० पहिलं भाडं, आणि पगार महिन्याच्या शेवटी येईपर्यंत जेवणखाण, बस, सिमकार्ड यांचे आणखी ६००. हे तीन लाख. एकूण पाच लाख ४० हजार, त्यातली अनामत परत मिळणारी. निवास परवान्याला पुढे १०० युरोपर्यंत लागतात. चांगला मालक तिकिटाचा किंवा सुरुवातीच्या राहण्याचा भार उचलतो. करारावर सही करण्याआधी विचारायला लाजू नका.

पगाराचंही बघा. वर्षाला ४५,६३० म्हणजे महिना ३,८०० युरो ढोबळ. पत्नी भारतात असेपर्यंत तुम्ही विवाहित असूनही टॅक्स क्लास एकमध्येच, म्हणजे अविवाहितांच्या कर-गटातच मोडता. कर आणि आरोग्य, पेन्शन, बेरोजगारी विम्याचे हप्ते जाऊन हातात अडीच हजारांच्या आसपास येतात. एजंट ३,८०० ला शंभरानं गुणून दाखवतो, तो गुणाकार चुकीचा आहे.

भाषेबद्दल. ए-टूपर्यंत साधारण २०० ते ३५० तासिका लागतात, बी-वनपर्यंत ३५० ते ६५०. तासिका ४५ मिनिटांची. आठवड्याला आठ तासिका जमल्या तर ए-टूला सहा ते दहा महिने. शिफ्ट बदलती असेल तर वर्ग बुडतो, हे गृहीत धरून रेकॉर्डिंग देणारा ऑनलाइन वर्ग किंवा रविवारची बॅच शोधा. क्लासचं 'ए-टू पूर्ण' असं प्रमाणपत्र व्हिसाला चालत नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी यांसारख्या मान्य परीक्षेचं लागतं. गोएथेची परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात होते. तारखा लवकर भरतात, तेव्हा अभ्यास संपल्यावर नाही, अर्धा झाल्यावर नाव नोंदवा. पत्नीलाही सोबत सुरू करू द्या. पुढं जाऊन दुकान, दवाखाना, घरमालक यांच्याशी तिलाच जास्त बोलावं लागतं.

नोकरीचा अर्ज करताना 'सीएनसी ऑपरेटर, सात वर्षं' एवढं लिहून भागणार नाही. फानुक की सिमेन्स, तीन अक्ष की पाच, स्टील की ॲल्युमिनियम, किती मायक्रॉनचा टॉलरन्स तुम्ही धरता, बॅच केवढी, प्रोग्राम स्वतः लिहिता की फक्त बदलता, मोजायला मायक्रोमीटर की सीएमएम: हे लिहा. तुमची एक बाजू भक्कम आहे: आपल्याकडची ड्रॉइंग आणि तिथली ड्रॉइंग दोन्ही फर्स्ट अँगल या एकाच मांडणीत असतात, मोजमाप मिलिमीटरमध्येच. नोकऱ्या जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावर आणि तिथल्या रोजगार संस्थेच्या पोर्टलवर मोफत पाहता येतात.

करार हातात आला की आधी मालक कोण ते पाहा. कामगार पुरवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे तिथल्या 'लाइहआर्बाइट'चा करार असेल, तर रोजगार संस्थेला संमती नाकारावीच लागते, असा कायदा आहे. एजंटानं आणलेले करार अनेकदा इथं आपटतात, कारण कुठल्या खऱ्या कारखान्याशी त्याची ओळखच नसते. दुसरी तपासणी: पगाराचा आकडा, आठवड्याचे तास आणि कामाचं वर्णन करारात आणि मालकानं भरायच्या 'नोकरीविषयीच्या घोषणापत्रा'त हुबेहूब एक हवं. एकीकडे सेटर आणि दुसरीकडे 'प्रॉडक्शन हेल्पर' लिहिलं गेलं, तर कुशल कामगाराचा अर्ज तिथंच संपला.

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, नंतर बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी मुंबई. भेटीची वेळ मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मालकाला घाई असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. तिची फी ४११ युरो. तिच्यात भेट तीन आठवड्यांत मिळते आणि पूर्ण अर्जावर निर्णयही साधारण तेवढ्याच काळात होतो.

नावांचा घोळ आजच बघून ठेवा. आपल्या बोर्डाच्या आणि आयटीआयच्या कागदांवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, पीएफमध्ये वडिलांचं नाव गाळलेलं. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर करून घ्या, नसेल तर तिन्ही रूपं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र भाषांतरासह लावा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला हवा. आणि पूर्वी व्हिसा नाकारला गेला की दूतावासाकडेच फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता बर्लिनच्या न्यायालयात जायचं किंवा नव्यानं अर्ज करायचा. म्हणून अर्धवट कागदांनिशी 'बघू काय होतंय' म्हणून अर्ज टाकू नका.

वयाचं म्हणाल तर दार तिशीला बंद होत नाही. ऑपॉर्च्युनिटी कार्डाचे वयाचे पूर्ण गुण ३५ पर्यंत आहेत, आणि जादा पगाराची किंवा पेन्शनची अट ४५ नंतर लागते. तुमच्या हातात वेळ आहे. 'महिनाअखेर स्कीम बंद' हे वाक्य व्हिसाच्या नियमात कुठंही नाही.

कन्सल्टन्सी उद्या 'जर्मनी नको तर यूके घ्या' म्हणेल, म्हणून एवढंच: तिथं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची (मालक परदेशी कामगाराला देतो त्या दाखल्याची) ५२५ पौंड फी आणि असा कामगार घेतल्याबद्दल मालकानं भरायचा कौशल्य-आकार कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. ते सर्टिफिकेट लाखांना विकायला काढलेलं असेल, तर ती विक्रीच बेकायदा. तुमच्या खिशातून जाणारं मोठं देणं म्हणजे आरोग्य अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम आणि थेट ब्रिटिश सरकारच्या पोर्टलवर.

या आठवड्यात तीन कामं करा. ठेकेदाराकडे चक्कर, पीएफ पासबुकाची छापील प्रत, आणि ए-वनच्या बॅचची चौकशी. तिन्हींना मिळून हजार रुपयेही लागणार नाहीत. वडिलांना सांगा, बँकेच्या माणसाला अजून शेतावर बोलावू नका.

तुम्ही कन्सल्टन्सीला 'कागदपत्रं दिली आहेत' असं लिहिलंय. झेरॉक्स दिल्या की मूळ, ते स्पष्ट केलेलं नाही. मूळ पासपोर्ट किंवा आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्या कपाटात असेल, तर 'एका बँकेच्या कामासाठी हवंय' असं सांगून उद्याच घेऊन या. नाही म्हणाले तर लेखी मागणी करा, तिची पोच घ्या आणि ती पोच घेऊन पोलीस ठाण्यात जा.